विश्लेषण : सगळे पुरावे समोर असूनही वाचक कसा फसतो? काय होते ॲगाथा ख्रिस्ती यांचे धक्कातंत्र?

वेब सीरिजचा शेवटचा भाग संपतो, भलताच माणूस खुनी निघतो आणि घरात दोन तट पडतात. एकाला शेवट जबरदस्त वाटतो, दुसऱ्याला वाटते की दिग्दर्शकाने आपल्याला फसवले. हा वाद जुना आहे. जून १९२६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीवरूनही तो असाच पेटला होता. लेखिका होत्या ३५ वर्षांच्या ॲगाथा ख्रिस्ती.

त्याच वर्षाच्या अखेरीस ख्रिस्ती स्वतःच ११ दिवस बेपत्ता झाल्या आणि त्यांचा शोध ही देशभरातली सर्वांत मोठी बातमी ठरली. कोट्यवधी वाचकांना आजही चकवणाऱ्या या लेखिकेने अनपेक्षित शेवटाचे तंत्र कसे घडवले आणि ते प्रामाणिक होते का, याचा हा आढावा.

सूचना : या लेखात ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मधील विषप्रयोगाची पद्धत आणि ‘रॉजर ॲक्रॉइड’चे रहस्य उघड केले आहे. बाकी कोणत्याही पुस्तकातील खुनी सांगितलेला नाही.

कोण होत्या ॲगाथा ख्रिस्ती?

ॲगाथा मेरी क्लॅरिसा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील अमेरिकन, आई इंग्रज. तीन भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, असे आईचे मत होते. मात्र ॲगाथा पाचव्या वर्षाच्या सुमारास आपली आपणच वाचायला शिकल्या. त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. भावंडे वयाने बरीच मोठी असल्याने खेळायला सोबत काल्पनिक मित्रमैत्रिणींचीच असे.

त्या ११ वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले आणि घरची आर्थिक स्थिती ढासळली. थोरली बहीण मॅज हिला रहस्यकथांची आवड होती. शेरलॉक होम्सच्या कथा ॲगाथा यांना तिनेच ऐकवल्या. पुढे याच बहिणीने त्यांना पैजेच्या सुरात डिवचले. वाचकाला खुनी ओळखता येणार नाही अशी गोष्ट तुला लिहिता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. ते आव्हान ॲगाथा यांच्या डोक्यात राहिले.

विषांची माहिती त्यांना कुठून मिळाली?

पहिल्या महायुद्धातून. २४ डिसेंबर १९१४ रोजी त्यांनी आर्ची ख्रिस्ती या हवाई दलातील अधिकाऱ्याशी विवाह केला. पती आघाडीवर गेला आणि त्या टॉर्कीच्या रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागल्या. काही काळाने त्यांची बदली रुग्णालयाच्या औषध विभागात झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधे मोजून, मिसळून, बाटल्यांत भरून देण्याचे हे काम म्हणजे आपल्याकडच्या जुन्या कंपाउंडरचेच काम. त्यासाठी लागणारी परीक्षाही त्या १९१७ मध्ये उत्तीर्ण झाल्या.

या शिक्षणादरम्यानचा एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. त्यांना शिकवणाऱ्या औषधविक्रेत्याने एक औषध बनवताना दशांश चिन्ह एका स्थानाने चुकवले. मात्रा दहापट झाली होती. शिकाऊ मुलीने अनुभवी माणसाची चूक तोंडावर कशी दाखवायची? ॲगाथा यांनी धडपडल्याचे सोंग केले, तयार औषध खाली पाडले आणि त्यावर पाय दिला. औषध पुन्हा बनवावे लागले. हाच माणूस खिशात क्युरारी या विषाचा तुकडा बाळगत असे. त्यामुळे आपल्या हाती ताकद असल्यासारखे त्याला वाटे. वरवर सभ्य, हसऱ्या दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेले असू शकते, हा धडा त्यांना इथे मिळाला. सुमारे ४० वर्षांनी ‘द पेल हॉर्स’मधील एक पात्र उभे करताना हा माणूस त्यांना आठवला.

पहिल्या कादंबरीत काय वेगळे होते?

औषध विभागात कधी कामाचा भडिमार असे, तर कधी तासन् तास रिकामे जात. या रिकाम्या वेळात त्यांनी बहिणीचे आव्हान मनावर घेतले. आजूबाजूच्या कपाटांत विषाच्या बाटल्या होत्या, म्हणून खून विषाने करायचे ठरले. टॉर्कीत बेल्जियमचे निर्वासित आले होते, म्हणून गुप्तहेर बेल्जियन झाला. अंड्याच्या आकाराचे डोके, टोकदार मिशा आणि टापटिपीचा हव्यास असलेला हर्क्युल पायरो असा जन्माला आला.

१९१६ मध्ये लिहिलेली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. अखेर ती १९२० मध्ये अमेरिकेत आणि १९२१ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या हातात पडले अवघे २५ पौंड.

यातील विषप्रयोग त्यांच्या रोजच्या कामातून आलेला होता. त्या काळी टॉनिकमध्ये स्ट्रिक्निन हे विष अगदी अल्प प्रमाणात घालत. त्या बाटलीत ब्रोमाइडची पूड मिसळली, तर स्ट्रिक्निन विरघळलेले न राहता हळूहळू तळाशी बसते. रोजचा डोस निरुपद्रवी असतो, शेवटच्या डोसात मात्र सगळे विष एकदम पोटात जाते. खुनी त्या वेळी घरात नसला तरी चालते.

महत्त्वाची गोष्ट अशी की टॉनिक, त्याचा संपत आलेला साठा आणि ब्रोमाइडची रिकामी डबी हे सगळे वाचकाला आधीच दाखवलेले असते. औषधशास्त्राच्या एका व्यावसायिक नियतकालिकाने या अचूकतेबद्दल पुस्तकाचे कौतुक केले. ख्रिस्ती यांना या अभिप्रायाचे कायम अप्रूप राहिले.

मूळ हस्तलिखितात रहस्याचा उलगडा न्यायालयात, पायरोच्या साक्षीतून होत होता. प्रकाशक जॉन लेन यांना ते पटले नाही. त्यांच्या सूचनेवरून ख्रिस्ती यांनी शेवट बदलला. पायरो सगळ्यांना दिवाणखान्यात एकत्र बसवतो आणि एकेक धागा उलगडत खुन्यापर्यंत पोहोचतो, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे ही मांडणी त्यांची ओळखच बनली.

‘रॉजर ॲक्रॉइड’वरून एवढा वाद का झाला?

एका खेड्यात रॉजर ॲक्रॉइड या श्रीमंत गृहस्थाचा खून होतो. पायरो तपास करतो आणि गावचे डॉक्टर शेपर्ड त्याला मदत करतात. संपूर्ण कथा डॉक्टरच आपल्याला सांगत असतात. होम्सच्या कथा डॉक्टर वॉटसन सांगतात, त्यामुळे वाचकाला ही पद्धत ओळखीची होती. शेवटी कळते की खुनी म्हणजे खुद्द कथा सांगणारे डॉक्टर शेपर्ड.

निवेदकच गुन्हेगार ही कल्पना ख्रिस्ती यांना दोघांनी सुचवली होती. पहिले त्यांचे मेहुणे, मॅजचे पती जेम्स वॉट्स. दुसरे होते एक तरुण नौदल अधिकारी. त्यांनी १९२४ मध्ये पत्र लिहून जवळपास हीच कल्पना मांडली होती. त्यांचे नाव लॉर्ड लुई माउंटबॅटन, म्हणजेच पुढे १९४७ मध्ये भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झालेले माउंटबॅटन.

कल्पना सुचवणे सोपे होते, पण ती खोटे न बोलता निभावणे अवघड. ख्रिस्ती यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. खुनाच्या रात्री ॲक्रॉइडच्या खोलीत एक पत्र येते तेव्हा घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात. डॉक्टर खोलीतून बाहेर पडतात ते आठ पन्नासला. मधल्या दहा मिनिटांत काय घडले, ते डॉक्टर सांगत नाहीत. निघताना आपले काही करायचे राहिले तर नाही ना, एवढाच विचार ते नोंदवतात. दोन्ही वेळा छापील पानावर आहेत, डॉक्टरांचे एकही वाक्य खोटे नाही. वाचक मात्र ती दहा मिनिटे ओलांडून पुढे जातो, कारण कथा सांगणाऱ्याचा हिशेब तपासायचा असतो हे त्याच्या मनातही येत नाही.

साडेनऊला बंद दारामागून ॲक्रॉइडचा आवाज ऐकू येतो, म्हणून तो तोपर्यंत जिवंत होता असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो आवाज डिक्टाफोन या ध्वनिमुद्रण यंत्राचा असतो. ॲक्रॉइडला अशा यंत्रात रस होता आणि डॉक्टरांना यंत्रांची खटपट करण्याची हौस होती, हे दोन्ही वाचकाला आधीच समजलेले असते.

ही फसवणूक होती की खरा खेळ?

कादंबरी गाजली, पण अनेक वाचक आणि समीक्षक चिडले. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील डाव आहे, तर त्याला नियम हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या काही वर्षांत असे नियम खरोखरच लिहिले गेले. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये २० नियम मांडले. गुन्हेगार गुप्तहेराला जेवढे फसवतो, त्यापलीकडे लेखकाने वाचकाला फसवू नये, असा त्यातला एक होता. १९२९ मध्ये रॉनल्ड नॉक्स यांनी १० नियम सांगितले. गुप्तहेराच्या मित्राने आपल्या मनातले विचार वाचकापासून लपवू नयेत, हा त्यातला एक नियम शेपर्ड यांनी आधीच मोडलेला होता.

ख्रिस्ती यांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्यांच्या समकालीन लेखिका डोरोथी सेयर्स. प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचे काम आहे आणि त्यातून निवेदकही सुटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅन डाइन यांचा नियम काटेकोरपणे लावला तरी ख्रिस्ती दोषी ठरत नाहीत. इथे वाचकाला फसवणारा गुन्हेगारच आहे, फक्त लेखणी त्याच्या हातात आहे.

१९३० मध्ये लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. तपासात योगायोगाचा किंवा दैवी साक्षात्काराचा आधार घेणार नाही आणि महत्त्वाचा दुवा वाचकापासून दडवणार नाही, अशी शपथ सदस्य घेत. ख्रिस्ती या क्लबच्या सदस्य होत्या आणि सेयर्स यांच्या निधनानंतर अखेरपर्यंत अध्यक्षही राहिल्या. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘क्राइम रायटर्स असोसिएशन’च्या सदस्यांनी मतदान करून ‘रॉजर ॲक्रॉइड’ला आजवरची सर्वोत्कृष्ट गुन्हेकादंबरी ठरवले. ज्या पुस्तकावर खेळाचे नियम मोडल्याचा ठपका होता, त्याला मान मिळाला तो याच व्यवसायातील लेखकांकडून.

डिसेंबर १९२६ मध्ये काय घडले?

पुस्तकाचे यश पाहण्याच्या मनःस्थितीत ख्रिस्ती नव्हत्या. एप्रिल १९२६ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. ऑगस्टमध्ये पती आर्ची यांनी आपण नॅन्सी नील या तरुणीच्या प्रेमात असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ज्याच्यावर सर्वाधिक विश्वास असतो त्याच्याकडूनच फसगत होते, ही गोष्ट त्यांनी जूनमध्ये वाचकांसमोर मांडली होती. दोन महिन्यांत ती त्यांच्याच घरात घडली.

३ डिसेंबरच्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर येथे चुनखडीच्या खाणीजवळ ती मोटार सापडली. आत त्यांचा फरकोट आणि वाहन परवाना होता. पोलीस आणि हजारो स्वयंसेवक शोधाला लागले, विमानेही फिरली. पतीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर ख्रिस्ती यांचा हातमोजा मिळवून तो परलोकविद्येच्या एका माध्यमाकडे नेला.

१४ डिसेंबरला त्या उत्तर इंग्लंडमधील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तिथल्या वाद्यवृंदातील वादकांनी त्यांना ओळखले होते. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या मिसेस नील असे नाव लिहिले होते. आडनाव पतीच्या प्रेयसीचे.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगितले. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. प्रसिद्धीसाठी केलेले नाटक, पतीला धडा शिकवण्याचा डाव, अशा चर्चा रंगल्या. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी या प्रकरणावर मोजके भाष्य केले, पण आत्मचरित्रात त्या ११ दिवसांचा उल्लेखही नाही. पुस्तकातल्या प्रत्येक रहस्याचा चोख हिशेब देणाऱ्या लेखिकेकडून लोकांनी शेवटच्या प्रकरणाची वाट पाहिली. स्वतःच्या आयुष्याबाबत मात्र असा हिशेब देणे त्यांनी नाकारले.

त्या यातून सावरल्या कशा?

प्रवास आणि काम यांच्या जोरावर. आता लेखन हे हौसेचे काम राहिले नव्हते, घर चालवण्यासाठी मन लागो न लागो लिहायचे होते. १९२८ च्या शरदात त्या ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्याच बगदादकडे निघाल्या आणि उर येथील उत्खनन पाहून आल्या. दुसऱ्या फेरीत, १९३० मध्ये, तिथे त्यांची भेट पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी झाली. ते वयाने सुमारे १४ वर्षांनी लहान. त्याच सप्टेंबरमध्ये दोघांनी लग्न केले. पुढे अनेक हंगाम त्या पतीसोबत इराक आणि सीरियातील उत्खननांच्या ठिकाणी राहिल्या.

मिस मार्पल या खेड्यातल्या चौकस वृद्धेची पहिली कादंबरी १९३० मध्येच आली. १९३४ मध्ये ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’, १९३६ मध्ये ‘द एबीसी मर्डर्स’, १९३७ मध्ये ‘डेथ ऑन द नाइल’ आणि १९३९ मध्ये ‘अँड देन देअर वेअर नन’ प्रसिद्ध झाली. यातील जवळपास प्रत्येक पुस्तक रहस्यकथेतील एखादा ठरलेला समज उलटवते.

हे धक्कातंत्र नेमके कसे चालते?

त्यांच्या वह्यांचा पुढे अभ्यास झाला. अशा ७३ वह्या उपलब्ध आहेत. त्यात एकाच कथेसाठी वेगवेगळ्या व्यक्तींना खुनी ठरवून पाहिल्याच्या नोंदी आहेत. प्रसंगांना अक्षरे देऊन त्यांचा क्रमही अनेकदा बदललेला दिसतो. म्हणजे शेवटाचा धक्का लिहिता लिहिता सुचलेला नसे, आकडेमोडीसारखा पुन्हा पुन्हा तपासलेला असे.

पहिली युक्ती म्हणजे वाचक काय गृहीत धरतो ते हेरणे. निवेदक तटस्थ असतो, खुनी एकच असतो, ज्याच्यावर हल्ला होतो तो निरपराध असतो, ज्याला सर्वांत आधी संशयातून वगळले तो सुटला, असे वाचक धरून चालतो. यांपैकी एकच समज खोटा ठरवायचा. लेखिकेने तो समज शब्दांत कधीच दिलेला नसतो, तो वाचकानेच आणलेला असतो.

दुसरी युक्ती म्हणजे दुवा गर्दीत ठेवणे. महत्त्वाची वस्तू खोलीतल्या दहा वस्तूंच्या यादीत येते. मोलाचे वाक्य विनोदी किंवा बडबड्या पात्राच्या तोंडी येते आणि वाचक ते हसून सोडून देतो.

तिसरी युक्ती म्हणजे साधी भाषा. लहान वाक्ये, भरपूर संवाद, मोजके वर्णन. वाचक भराभर पुढे सरकतो आणि वेगात नजरचूक होते. म्हणून त्यांची कादंबरी दुसऱ्यांदा वाचली की वेगळीच दिसते. पुरावे तेच असतात, पण आता त्यांचा अर्थ कळतो. धक्का प्रामाणिक आहे की नाही, हे तपासण्याची सोपी कसोटीही हीच. मागे जाऊन पाहिल्यावर आधीचे प्रत्येक पान खरे ठरले पाहिजे.

भारताशी या कथांचा संबंध काय?

एका निर्जन बेटावर जमलेली दहा माणसे एकेक करून मरतात, हे ‘अँड देन देअर वेअर नन’चे सूत्र. राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटाचे कथाबीज त्यातच आहे. बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ (१९७३) हा ख्रिस्ती यांच्या ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या १९५८ च्या नाटकावर आधारलेला आहे. त्यामुळे ख्रिस्ती यांचे एकही पुस्तक न वाचलेल्या अनेकांनी त्यांचा धक्का चित्रपटगृहात अनुभवलेला आहे.

त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक ‘द माउसट्रॅप’ लंडनच्या वेस्ट एंडमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ते पहिल्यांदा बंद पडले आणि मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रयोगानंतर खुन्याचे नाव बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. समाजमाध्यमांच्या काळातही बहुतेक जण ती पाळतात.

अखेरचा धक्का कोणता?

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनच्या एका रुग्णालयात पुन्हा औषध विभागात काम करत होत्या. शहरावर बॉम्ब पडत होते. त्या काळात त्यांनी पायरोची शेवटची कथा ‘कर्टन’ लिहून तिजोरीत ठेवली. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पायरो या काल्पनिक पात्राच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर छापली. १२ जानेवारी १९७६ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी ख्रिस्ती यांचे निधन झाले. मागे ६६ रहस्य कादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह राहिले. त्यांच्या पुस्तकांच्या २०० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, लंडनच्या रुग्णालयात कतारहून आणलेले एक तान्हे मूल अत्यवस्थ होते आणि डॉक्टरांना निदान होत नव्हते. तिथली एक परिचारिका तेव्हा ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. बाळाचे केस गळत असल्याचे पाहून तिला कादंबरीतील थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे आठवली. तिने शंका बोलून दाखवली, तपासणीत थॅलियम आढळले आणि मूल वाचले. लक्षणे सगळ्यांसमोरच होती. त्यांचा अर्थ लावला तो ख्रिस्ती यांच्या एका वाचकाने.